मांजऱ्यातलं तेल

मेहकरला बस बदलली. सुटून पाच मिनिटं झाली नसतील, तर कंडक्टर माझ्या सीटपाशी येऊन थांबला, दोनदा नाक ओढलं आणि म्हणाला, "मॅडम, रॉकेल नेऊन राह्यल्या का? एसटीत चालत नाही."

"रॉकेल नाही, दगड हाय."

"दगडाले असा वास?"

"हाव, दगडालेच."

माझं डोकं लवकर तापतं. पण त्या दिवशी मी इतकी खुशीत होते, की आपणहून पिशवी उघडून दाखवली. टॉवेल, टॉवेलात पोळ्या गुंडाळतात तो चंदेरी कागद आणि कागदात तळहाताएवढा काळपट दगड, अंगभर बारीक भोकं. कंडक्टरनं वाकून नाक लावलं आणि मागं वळून ओरडला, "खरंच दगड हाय बे!" मग काय विचारता! दगड या सीटवरून त्या सीटवर फिरायला लागला. कोणी म्हणे डिझेल, कोणी म्हणे डांबर. एक जण तर छातीठोकपणे सांगत होता की हा लोणारचा, वरून पडलेल्या उल्केचा तुकडा. "नाही हो काका," मी मान वळवून वळवून सांगत होते, "खालून काढलेला आहे! गुजरातेत, तेलाच्या विहिरीतून!" दगड परत हातात येईपर्यंत मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. हरवला असता तर मी त्या बसमध्ये भोकाड पसरलं असतं.

कारण तो दगड मी एकाच माणसासाठी आणत होते. मलकापूरपर्यंत रेल्वे, पुढं एसट्या बदलत बदलत, पिशवी मांडीवरून खाली न ठेवता. माझ्या बाबांसाठी.

माझे बाबा विहिरी खणतात. आता हातात पहार धरत नाहीत, पण आमच्या भागात कोणाची विहीर खोल करायची असली, की सुरुंग उडाल्यावर सगळ्यांत आधी बाबा एक-दोन गडी घेऊन खाली उतरतात, थर बघतात आणि पुढं खणायचं की थांबायचं ते सांगतात. इथली जमीन म्हणजे वर थोडी काळी माती, मग मुरूम आणि खाली काळा दगडच दगड. बाहेरच्या माणसाला तो एकच दिसतो. बाबांना त्यात दोन दिसतात. एक पाषाण: गच्च, कुठं भेग नाही, घण मारला तर घणच उलटा येतो. दुसरा मांजऱ्या: भोकाभोकांचा, ठिसूळ, ठोकला की बसका आवाज देणारा. पाणी खेळतं ते मांजऱ्यात. पाषाणाखाली मांजऱ्या, मांजऱ्याखाली पुन्हा पाषाण, असे थरावर थर. हे मी शाळेत जायच्या आधी शिकले. भूगर्भशास्त्राची डिग्री नंतरची.

डिग्रीवर नोकरी लागली ती तेलाच्या विहिरींवर. खालून जो दगडाचा चुरा वर येतो तो चाळायचा, धुवायचा, भिंगाखाली बघायचा आणि कोणता थर लागला ते लिहायचं. बाबा म्हणाले, "म्हंजे आपलंच काम. निस्ता पगार मोठा." तिथपर्यंत सगळं ठीक होतं. पण पुढं माझी बदली झाली ती अशा भागात, जिथं तेल काळ्या दगडातून निघतं. हे मी फोनवर सांगितलं आणि बाबा जे हसले, जे हसले! "जल्म गेला माह्या त्या दगडासंगं. पाणी देतानी जीव काढते तो. तेल देते म्हणे!" त्यानंतर दर फोनवर माय विचारायची, जेवली का, आणि मागून बाबा विचारायचे, "निंघालं का काळ्या दगडातून तेल?" पारावर बसून लोकांनाही सांगायचे, की पोट्टीले तिकडे कोनीतरी उल्लू बनवून राह्यलं. याचा मला भयंकर राग यायचा. लोक काय म्हणतात ते गेलं खड्ड्यात. पण दगडातलं ज्यांना कळतं, त्यांनीच हसावं? मला बाकी काही नको होतं. बाबांनी तो दगड हातात घ्यावा, हुंगावा आणि एकदाच म्हणावं, हो, हे तेल आहे. बस.

खरं सांगायचं तर बाबांचं तरी काय चुकत होतं? तेलवाल्यांनाच हे किती काळ पटलं नव्हतं! तेल शोधायचं ते वाळूच्या थरात, अशी रीत. खणत खणत यंत्र काळ्या दगडाला भिडलं, की विहीर संपली, चला, सामान आवरा. तिथले जुने लोक सांगतात, काळा दगड म्हणजे आम्हाला घराची फरशी. फरशीखाली कोण कशाला बघेल? मग कुठल्याशा विहिरीत यंत्र त्या फरशीत थोडं आत गेलं आणि तेल आलं. सगळे म्हणाले, वरून झिरपलं असेल. दुसरीकडं खणलं, तिथंही आलं. तिसरीकडं टिपूस नाही. चौथीकडं पुन्हा आलं. एक विहीर भरभरून देते, हाकेच्या अंतरावरची ठणठणीत कोरडी. बापा रे, काय डोकं खाल्लं असेल त्या दगडानं लोकांचं! कारण तेल बसतं ते त्याच्या भेगांत आणि भोकांत, आणि भेगा काही कोणाला विचारून पडत नाहीत. हे सगळं मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीवरून ताडकन उठले होते. अरे, ही तर आमच्या विहिरींची गोष्ट! एकाच्या वावरात धो धो पाणी आणि बांधापलीकडं ठणठणाट. आणि दगडही आमचाच की. आमच्या गावाखालचा हाच काळा दगड थेट तिकडं गुजरातपर्यंत पसरलेला आहे.

आता माझी फजिती सांगते. आमची एक विहीर काळ्या दगडात शिरली. वरचा थर भोकाभोकांचा निघाला, पण त्यात तेल नव्हतं. मी भिंगाखाली बघितला आणि इंग्रजी तक्त्यात, जिथं त्या थराचं शास्त्रीय नाव लिहायचं, तिथं इंग्रजी अक्षरांत चक्क 'मांजऱ्या' लिहून मोकळी झाले. हाताला सवयच ती! आमचे साहेब दूरच्या राज्यातले. त्यांनी लाल पेनानं गोल केला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ये क्या है? किस किताब में लिखा है?"

मला लाज वाटली आणि लाज वाटली की मला राग येतो. "किताब में नहीं है सर. मेरे बाबा का शब्द है."

आमच्यातल्या एका मराठी माणसानं आगीत तेल ओतलं. "सर, मांजर यानी बिल्ली!" झालं. विहिरीवरचे सगळेच खो खो हसले. साहेब मात्र हसले नाहीत. तेव्हा नेमका पाषाण लागला होता, खणण्याचा वेग पार मंदावला होता आणि ते काम थांबवायच्या विचारात होते. मी तोंड उघडलंच होतं, म्हटलं आता बोलूनच टाकू. पाषाणाखाली पुन्हा मांजऱ्या येतो, सर, माझ्या बाबांनी आयुष्यभर तेच बघितलंय, इथं कशाला थांबता? साहेबांना थर ठाऊक नव्हते असं मुळीच नाही. त्यांनी माझ्या दहापट दगड पाहिला होता. पण वरून सारखे फोन येत होते आणि माणूस थकला होता. माझ्याकडं बघून म्हणाले, "ठीक है, थोड़ा और. बिल्ली नहीं मिली तो आप जानो."

पुढचे कितीतरी तास मी जेवले नाही. यंत्र घरघरत होतं, पाषाण हलत नव्हता. आणि मग एकाएकी वेग वाढला! वरच्या फलाटावरून ड्रिलर ओरडला, "मॅडम, बिल्ली आ गई!" मी चाळणी घेऊन धावले, चुरा धुतला, जांभळ्या दिव्याच्या पेटीत धरला. तेल असलं तर त्या उजेडात ते चमकतं. अन् चमकलं की हो! पिवळंधमक! मी किंचाळले, अक्षरशः किंचाळले, आणि साहेबांनी माझ्या हातातली चाळणी काढून घेतली नसती तर ती उलटीच झाली असती. नंतर त्या थराचा अखंड तुकडा कापून वर काढला. प्रयोगशाळेचं काम झाल्यावर उरलेला एक तुकडा साहेबांनी रीतसर चिठ्ठीसकट माझ्या हातावर ठेवला. "पिताजी को दिखाइए."

तर असा तो दगड घेऊन मी दुपारी गावात उतरले. बाबा ओट्यावरच होते, शेजारचे तीन-चार जणही. मायनं पाणी दिलं आणि सांगितलं की उद्या सकाळी बाबांना शेजारच्या शिवारातल्या विहिरीत उतरायचं आहे, तेव्हा आजच काय ते बोलून घे. मी पाणी न पिताच पिशवी सोडली. दगड चारचौघांच्या हातून फिरला. "अरे बाप्पा, पंपावर उभं राह्यल्यासारखं वाटून राह्यलं!" एक जण म्हणाला. मग बाबांच्या हातात.

बाबांनी तो तोलला. नखानं खरवडला. खालचा एक गोटा उचलला आणि दगड कानाशी धरून त्यावर ठोकला. "मांजऱ्याच हाय," ते म्हणाले, आणि माझ्या अंगावर काटा आला.

"आता हुंगा."

त्यांनी नाकाशी धरला. बराच वेळ धरला. आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं एकदा बघितलं. मग दगड खाली ठेवला. "दगड हाय. बाकी काई नाही."

"बाबा! अख्ख्या बसले वास आला! कंडक्टर मले उतरवून देऊन राह्यला होता!"

"आला आसंन."

"मंग तुमालेच काऊन नाही येत? मुद्दाम करून राह्यले तुमी!"

"तुले वाटते म्हणून मी हो म्हणू का?" बाबा चढ्या आवाजात म्हणाले. "म्या कवा कोनाले खोटं सांगतलं का पाणी लागंन म्हणून? अन् मले सांग, हा दगड आगीतून निंघाला, तूच म्हणते. मंग त्याच्यातलं तेल जळून नाही गेलं?"

राग आला होता, तरी प्रश्न ऐकून मला त्यांचा मुका घ्यावासा वाटला. हाच प्रश्न मी कॉलेजात विचारला होता! मी ओट्यावर मांडी ठोकून समजावलं, की दगड थंड झाल्यावर कितीतरी काळानं तेल आलं. ते शेजारच्या चिकणमातीच्या थरात तयार झालं, दाबानं सरकत सरकत आलं आणि या भोकांत शिरलं. दगड घरमालक, तेल भाडेकरू. "मंग आपल्या गावात कवा येते भाडेकरू?" शेजाऱ्यानं लगेच विचारलं. आपल्या शेजारीही काळाच दगड आहे, इथं कुठून येणार, असं म्हटल्यावर तो इतका हिरमुसला की जणू त्याचीच खोली रिकामी पडली होती. बाबा मात्र जागचे हलले नाहीत. "सांगनं आयकलं. दाखव."

दाखव! जांभळा दिवा तिकडं, मी इकडं. मी फणफणत गल्लीत आले आणि कोपऱ्यावरच्या चाचांच्या किराणा दुकानासमोर थांबले. लहानपणी त्यांच्या दुकानात मी गोळ्या घ्यायचे. आणि काउंटरवर काय होतं? खोटी नोट ओळखायचा छोटा दिवा! जांभळाच की तो!

"चाचा, हा दिवा द्या. आणि नेलपॉलिश काढायचं पाणी हाय का?"

"हाय ना बेटी. पर दोन्हीचं काय करतं?"

"बाबाले तेल दाखवतो."

चाचांनी गल्ल्याला कुलूप घातलं आणि स्वतःच दिवा घेऊन निघाले. "हे तं मी बी पाह्यतो!"

अंधार हवा म्हणून आम्ही सगळे कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, खोलीत शिरलो. दार लावलं, फटीला मायनं गोणपाट लावलं. दार लावायच्या आधी बाबांनी अंगणातल्या ढिगातून आणखी एक मांजऱ्या आणून माझ्या दगडाशेजारी ठेवला. आमच्याच विहिरीचा. "दोन्हीवर पाड उजेड." बघा! डिग्री नसलेला माणूस, पण पारख करायची कशी ते मला शिकवावं लागलं नाही. चाचांनी दिवा लावला. आमचा मांजऱ्या काळाच राहिला. माझा उजळला, भोकाभोकांतून पिवळा. "या अल्ला," चाचा पुटपुटले.

"गारगोटी बी चमकत आसंन," बाबा म्हणाले.

"थांबा." मी बाटलीतले दोन थेंब दगडावर सोडले. भोकांतून तेल त्या थेंबांत उतरलं आणि पिवळट दुधाळ धारा निघून दगडावरून ओघळल्या, चमकत, हळूहळू. माय ओरडली, चाचा ओरडले, कुटारात कोणीतरी धपकन बसलं. मी बाबांकडं बघत होते. ते गुडघ्यांवर टेकून, डोकं दगडाला लागेल इतकं खाली वाकले होते. त्यांनी एका धारेवर बोट ठेवलं आणि बोट दिव्याखाली धरलं. बोटाचं टोक पिवळं चमकलं.

"हाव," बाबा म्हणाले. "तेल हाय. काळ्या दगडातलं तेल हाय हे."

मी नाचले. खोटं कशाला सांगू, पस्तिशीतली बाई, कुटारात नाचले. चाचा आणि शेजारी बाहेर जाऊन गल्लीत सांगू लागले, माय चहा टाकायला पळाली. दार उघडलं, उजेड आला. बाबा तिथंच बसून होते, दगड मांडीवर घेऊन.

"पोट्टे," ते हळूच म्हणाले, "याचा वास कसा येते?"

"म्हंजे? हुंगा ना."

"हुंगला होता ना. दोन सालं झाले. ताप आला होता ना मले, त्यात वास गेला तो आलाच नाही. फोडणीचा नाही, शेणाचा नाही, कशाचाच नाही."

मला काही क्षण काही कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं. "मायले माहीत हाय?"

"कोनालेच नाही. सांगून कसं चालंन? सुरुंगाचा धूर गेला का, खाली हवा कोंदली का, वासावरूनच तं सांगतो मी. समजलं तं कोन बोलावंन मले?"

"अन् दोन सालं कसे उतरले तुमी?"

"संगतच्या गड्यायच्या तोंडाकडे पाह्यतो. त्यायले वास आला का समजते मले. तुह्या तोंडावरून बी समजलंच होतं, तेल हाय म्हणून. पन तोंड पाहून हो म्हणू का? माह्या पोरीचं काम हाय ते. मले सोताले दिसलं पायजे."

मी त्यांच्यावर ओरडले. आमच्याकडं विहिरीवर कोणी नाकाच्या भरवशावर राहत नाही, यंत्रं लावतात, काही वायूंना वासच नसतो, एक श्वास चुकला की माणूस खलास, काय चाललंय काय तुमचं! ओरडता ओरडता रडायला आलं, आणि बाबा दगडावरची धूळ पुसत राहिले. मायला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती बाबांवर माझ्यापेक्षा जास्त ओरडली. उद्या बाबा उतरणार नाहीत हे ठरलं. मग कोण, हेही ठरलं. तिघांच्या आवाजात माझा मोठा होता.

सकाळी विहिरीवर मी मालकाला आधी पंखा लावून लांब नळीनं खाली हवा सोडायला लावली, मग दोरीनं पेटता दिवा सोडून तो विझत नाही ना ते पाहिलं. बाबा म्हणत होते, "एवढं कोन करते?" मी म्हणत होते, "आजपासून सगळे करतीन." यारी, म्हणजे दगड वर ओढायची क्रेन, तिच्या बादलीत बसून मी खाली गेले. काठावर निम्मं गाव वाकलं होतं. खाली नवा फुटलेला दगड, ओला, धारदार. मी ठोकत फिरले आणि एका कोपऱ्यात हातोडा बसका वाजला.

"बाबा! पाषाण संपून राह्यला! मांजऱ्याचं तोंड लागलं!"

"पाणी?" मालक ओरडला.

"ओल हाय! बोटाले लागते!"

वर एकच गलका झाला. शिट्ट्या, टाळ्या, मालक कोणाला तरी मिठी मारतोय असं वाटलं. मी मान वर केली तर बाबा काठावर पालथे पडले होते, अर्धं अंग आत. सगळ्यांच्या वरून त्यांचा आवाज आला.

"ते राहू दे. वास सांग."

मी खाली बसले आणि दगडाला नाक लावलं. "ओल्या दगडाचा हाय! पाटा धुतल्यावर येते तसा!"

"अन्?"

"लोखंडाचा! पहारीचा!"

"अन्?"

वरचा गलका थांबला होता. खालून बोललेलं वर जात नाही, ओरडावंच लागतं. "कोपऱ्यातून शेवाळाचा येते! थोडासा! थंडगार!"

मग बाबा म्हणाले, "आता सुरुंगाचा सांग."

मी जिथं खडक फुटला होता तिथं वाकले, श्वास घेतला आणि त्यांना सुरुंगाचा सांगितला.